वेगळं राज्य नको, हिशेब द्या

माझं नाव ऐकून दर १७ सप्टेंबरला कुणीतरी मला निजामाचा जाब विचारतं. अरे बाबांनो, निजामाची राजवट १९४८ लाच संपली. त्यानंतरचा हिशेब कुणाला मागायचा?

१९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि तंत्रशिक्षणात जागा कबूल केल्या होत्या. संविधानाच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळाची तरतूद १९५६ लाच आली. मंडळ मिळायला १९९४ उजाडलं. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. तेव्हा किती जण रस्त्यावर उतरले?

हक्क मागितला की "महाराष्ट्र तोडता का?" म्हणतात. तोडतो कोण? मागणारा की शब्द मोडणारा? तेलंगणही निजामाच्याच राज्यातलं. १९५६ मध्ये त्याला दिलेली वचनं पाळली नाहीत, २०१४ ला ते वेगळं झालं.

पण वेगळं राज्य हाही उतारा नाही. शंकरराव चव्हाणांपासून अशोक चव्हाणांपर्यंत मराठवाड्याने चार मुख्यमंत्री दिले. बीडच्या मजुराच्या हातातला कोयता सुटला का? आजही दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि वर्गातली बाकं रिकामी होतात. राजधानी बदलून ती भरणार नाहीत.

म्हणून मागणी एकच: मंडळ पुन्हा आणा, आणि त्याचा हिशेब तालुक्यानिहाय, दरवर्षी, मराठीत चावडीवर लावा. जाब विचारायचाच असेल, तर आपण सगळे मिळून तिथे विचारू.