प्रकल्प येईल तेव्हा येईल, माळ आज राखा

माळाच्या काठावर राहणाऱ्या आणि माळावर जीव असणाऱ्या सर्वांना कळकळीचे आवाहन

दिवाळी सरली. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यात माळांवरचे गवत पिवळे पडू लागले आहे. पवना, मारवेल, डोंगरी यांचे बी पिकले आहे आणि येत्या काही आठवड्यांत ते झडून जाईल. त्यानंतर वणव्यांचे दिवस येतील, उन्हाळ्यात मुरूम उपसणारी यंत्रे येतील आणि जूनमध्ये झाडे लावण्याची घाई सुरू होईल. म्हणजे आपल्या हातात आजपासून पुढच्या पावसापर्यंतचे सातआठ महिने आहेत. हे आवाहन या महिन्यांसाठी आहे.

माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे आता सरकारदरबारीही पटू लागले आहे. गवताळ कुरणे पुन्हा उभी करण्याचे प्रस्ताव तयार होत आहेत, काही मंजूरही झाले आहेत. 2030 पर्यंत 2 कोटी 60 लाख हेक्टर ऱ्हास झालेली जमीन सुधारण्याचा संकल्प भारताने 2019 मध्ये जाहीर केला. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्यासाठी राखून ठेवले. हे सगळे स्वागतार्ह आहे.

पण ठराव होणे आणि जमिनीवर काम सुरू होणे, यांच्यामध्ये मोठा काळ जातो. मोजणी, हद्दीच्या खुणा, आराखडा, तांत्रिक मान्यता, निधी यांत एक पावसाळा जातो, कधी दोन, कधी त्याहून जास्त. या मधल्या काळात माळाला कोणी वाली उरत नाही. गावकरी म्हणतात, आता वनखाते बघेल. खाते म्हणते, निधी आला की बघू. संस्था म्हणतात, करार झाला की कामाला लागू. आणि ज्यांना मुरूम हवा असतो, ते म्हणतात, कुंपण पडायच्या आत काढून घेऊ. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली म्हणून कोणी रुग्णाचे अन्नपाणी बंद करत नाही. माळाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

या काळात काय गमावले जाते, ते जवळून पाहा. कुसळीचे एक बी उचला. टोकाला अणकुचीदार सुई आणि मागे लांब, पीळ पडलेले कुसळ. दव पडले की कुसळाचा पीळ सुटतो, ऊन चढले की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत ते बी स्वतःच मातीत शिरते. त्याला माणसाची मदत लागत नाही, फक्त भुसभुशीत, न उकरलेली, न दाबलेली माती लागते. त्याच माळावरून जेसीबी फिरला की वरची बोटभर माती खाली जाते आणि खालचा मुरूम वर येतो. एका पावसानंतर त्या उकरलेल्या जागेवर पाहा. पवन्याचे ठोंब दिसणार नाहीत. तरोटा आणि गाजर गवत दिसेल. बारमाही गवताचा एक जुना ठोंब वर्षानुवर्षे मुळे धरून उभा असतो. तो उखडला तर कोट्यवधींच्या निधीतूनही तो पुढच्या वर्षी परत आणता येत नाही. प्रकल्पाने माळ सुधारतो हे खरे, पण आधी शिल्लक राहिलेले गवत, बी आणि माती यांच्याच बळावर.

कागदावरचे संरक्षण आणि जमिनीवरची राखण यांतला फरक महाराष्ट्राने एकदा फार महागात शिकून घेतला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळांवर माळढोक पक्षी आहेत, हे छायाचित्रकार बी. एस. कुलकर्णी यांच्या चिकाटीमुळे जगापुढे आले. 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून 8,496 चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते, सगळेच आले. खरोखर राखलेले गवताचे पट्टे मात्र त्या मानाने फारच थोडे होते. जिथे चराई थांबवून गवत वाढू दिले, तिथे माळढोक आले, हे नान्नजने दाखवून दिले. बाकीच्या भूभागात कालव्याचे पाणी आले, ऊस आला, माळ तुकड्या-तुकड्यांत संपत गेला. पुढे अभयारण्याचे क्षेत्र कमी करावे लागले, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे जवळजवळ थांबले आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ माळढोकांची पिल्ले माणसाच्या देखरेखीखाली वाढवली जात आहेत. उद्या त्यांना इथे आणावे असे कोणी म्हटले, तर सोडायला माळ कोणता दाखवणार?

मधला काळ सांभाळता येतो, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या दक्षिण टोकाला, जिथे फ्रीमाँट आणि सॅन होजे परिसरात आज कितीतरी मराठी कुटुंबे राहतात, तिथली सुमारे 15,100 एकर मिठागरे 2003 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. तिथे पुन्हा खाडीची दलदल उभी करायची होती आणि ते काम सुमारे पन्नास वर्षांचे आहे, हे पहिल्यापासून ठरलेले होते. म्हणून मूळ कामाआधीच मधल्या काळासाठी वेगळा आराखडा तयार झाला. दरवाजे बसवून खाडीचे पाणी मिठागरांत खेळते ठेवले, बांध सांभाळले, पक्ष्यांना उथळ पाणी मिळत राहील याची काळजी घेतली. तेवढ्याने दलदल उभी राहिली नाही, पण ती उभी करण्याची संधी हातची गेली नाही. आपल्या माळांसाठी नेमके एवढेच मागणे आहे.

म्हणून कृपया पुढच्या गोष्टी आजपासून करा.

1. बी आता गोळा करा. पवना, मारवेल, डोंगरी, शेडा यांचे बी तळहातावर चोळले की सहज सुटते, तेव्हा ते पक्व असते. ज्या माळावर टाकायचे, त्याच माळाचे बी घ्या. दहा ठोंबांतून दोन-तीन ठोंबांचे घ्या, बाकीचे माळासाठी सोडा. वनजमीन असेल तर वनरक्षकाची परवानगी आधी घ्या. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये कोंडू नका. गवताच्या ताज्या बियांना बहुधा काही महिने मुरावे लागते. पुढच्या जूनमध्ये उघड्या पडलेल्या जागी ते टाकता येईल. हा हंगाम चुकला तर पुरते एक वर्ष हातचे जाईल.

2. यंत्र माळावर येऊ देऊ नका. मुरूम उपसा असो, रस्त्यासाठीचे सपाटीकरण असो किंवा चांगल्या हेतूने खणलेले सलग समतल चर असोत, प्रकल्पाचा आराखडा ठरेपर्यंत गवताळ माळावर कुदळ मारू नये. डोंगरउतारावर चर उपयोगी पडतात. सपाट, पातळ मातीच्या माळावर ते उभ्या गवताच्या मुळावर येतात. यंत्र दिसले तर तलाठी, वनरक्षक आणि सरपंच या तिघांनाही त्याच दिवशी कळवा.

3. माळावर झाडे लावू नका. 2016 ते 2019 या काळात महाराष्ट्रात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. एकट्या 2019 चे लक्ष्य 33 कोटींचे होते. त्या उत्साहामागचा हेतू चांगला होता. पण माळावर सगळीकडे खड्डे खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावले, तर सावलीत गवत मरते आणि उघड्यावर घरटे करणारे पक्षी निघून जातात. तुरळक बोर, हिवर, बाभूळ ही माळाची स्वतःची झाडे आहेत. ती आपोआप येतात. वाढदिवसाला, स्मृतिदिनाला, कंपनीच्या कार्यक्रमाला झाडे जरूर लावा. पण गावठाणात, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना माझी हात जोडून विनंती आहे: या वर्षी माळावर रोप न नेता वेड्या बाभळीची लहान रोपे मुळासकट हाताने उपटा. मोठी झाडे तोडू नका. ती बुंध्यातून पुन्हा फुटतात आणि त्यांचा बंदोबस्त प्रकल्पातच करावा लागतो.

4. वणवा लागू देऊ नका. गवत जाळले की नवा फुटवा लवकर येतो, हा समज पूर्णपणे खोटा नाही. पण उन्हाळ्यातल्या आगीत जमिनीवर पडलेले बी जळते, चाऱ्याची गंजी जळते आणि माळटिटवी, धाविक, चंडोल यांची जमिनीवरची घरटीही जळतात. राखीव वनात आग लावणे हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. फेब्रुवारीच्या आत वनखात्याच्या सल्ल्याने माळाच्या कडेने जाळरेषा काढा, पाळीने लक्ष ठेवायला गावातले दहा तरुण ठरवा. धूर दिसताच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

5. मेंढपाळांशी बोला. धनगर बांधवांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला माळावर परततात. गवत बोटभर फुटलेले असते त्याच सुमारास. त्या पहिल्या महिन्यात चराई झाली तर ठोंब दुबळा होतो. पण सरसकट चराईबंदीचा फलक हा त्यावर उपाय नाही. पिढ्यान्‌पिढ्या माळ वापरणाऱ्यांना हाकलून माळ राखता येत नाही. माळाचे तीन भाग करा. एक भाग वर्षभर विसाव्याला सोडा, बाकीचे दोन पाळीने उघडा, आणि कोणता भाग कधी उघडायचा हे वाड्याच्या कारभाऱ्यासोबत बसून ठरवा. वाडा परतायच्या आत हे ठरले पाहिजे.

6. माळाचा उकिरडा करू नका. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, ढाब्यांचे उष्टे, बांधकामाचा राडारोडा रात्री माळावर टाकला जातो. त्या घाणीवर मोकाट कुत्री पोसली जातात. ती खोकडांची पिल्ले मारतात आणि लांडग्यांना रोग देतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची खात्रीही झाली आहे. लांडग्याला कुत्र्यापासून वाचवायचे असेल, तर सुरुवात कोंबड्यांच्या खड्ड्यापासून करा: पोल्ट्रीमालकाने आपल्याच जागेत खोल खड्डा घेऊन चुना टाकून त्या पुराव्यात. नव्या प्रकल्पाची गरज त्याला नाही.

7. गाडी वाटेवरच ठेवा. छायाचित्रकार, पक्षीनिरीक्षक, दुचाकीवर फेरफटका मारणारे मित्र, ही विनंती तुम्हाला. टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा आणि त्यात चार ठिपकेदार अंडी. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. गवतातून गेलेल्या एका गाडीमागे दुसरी जाते आणि महिनाभरात तिथे रस्ता होतो. लांडग्यांच्या पिल्लांच्या काळात, हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात या दिवसांत, गुहेच्या जागा कोणालाही सांगू नका, समाजमाध्यमांवर टाकू नका.

8. ठराव करून घ्या. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत एक साधा ठराव मांडा: प्रकल्पाचे काम सुरू होईपर्यंत अमुक गट क्रमांकाच्या गायरानावर खोदकाम, वृक्षारोपण, कचरा आणि नवे अतिक्रमण होणार नाही, आणि त्याची जबाबदारी अमुक व्यक्तीवर. जैवविविधता व्यवस्थापन समिती 2002 च्या कायद्यानुसार गावात असायलाच हवी. ती झोपली असेल तर या निमित्ताने जागी करा. गावाच्या सामायिक जमिनी जपा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात राज्यांना बजावले आहे, त्याचा उल्लेख ठरावात करा. गायरानावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या भूमिहीनांच्या घरांशी या आवाहनाचे भांडण नाही. भांडण नव्या बळकावण्याशी आहे.

वनखाते, महसूल खाते आणि पुनरुज्जीवनाचे काम हाती घेणाऱ्या संस्थांना एक वेगळी विनंती. प्रत्येक प्रस्तावासोबत मधल्या काळाचा एका पानाचा आराखडा जोडा. राखण कोण करणार, जाळरेषा कधी, चराईची पाळी कशी, अडचण आली तर कोणाला सांगायचे, एवढेच त्यात लिहा. मोठ्या निधीची वाट पाहू नका. एका राखणदाराच्या वर्षभराच्या पगारात जे वाचते, ते नंतर लाखो रुपये ओतूनही मिळत नाही.

ज्या वाचकांचे गाव माळाच्या जवळ नाही, त्यांनाही काम आहे. तुमच्या कंपनीचा, मंडळाचा, शाळेचा या वर्षी माळावर झाडे लावण्याचा बेत असेल, तर आजच फोन करून तो थांबवा आणि तोच पैसा एखाद्या गावाच्या राखणदारासाठी किंवा बी साठवण्यासाठी द्या.

माळ हा महाराष्ट्राच्या कोरड्या अर्ध्या अंगाचा चारा आहे, लांडगा-काळविटांचे घर आहे आणि आपल्या सगळ्यांची सामायिक मालमत्ता आहे. प्रकल्प मंजूर झाल्याने तो वाचत नाही. मंजुरीपासून कामापर्यंत कोणीतरी राखल्याने वाचतो. येत्या रविवारी आपल्या गावच्या माळावर जा, सोबत सरपंच, वनरक्षक आणि एक मेंढपाळ घ्या, आणि वरच्या आठ कामांपैकी निदान एक तिथेच उभे राहून ठरवा. बी झडायच्या आत जा.