परिस्थिती नावाची सबब

मराठीत 'परिस्थिती' या शब्दाला एक खास अर्थ आहे. 'त्याची परिस्थिती नव्हती' म्हणजे घरात पैसा नव्हता. गरिबीसाठी हा सभ्य शब्द आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत पुढच्या वापराला आहे. शेळगावात पारावर बसलेल्या माझ्या वयाच्या पोरांना काहीही विचारा, उत्तर तयार असतं: मराठी मीडियम, टेलचा तालुका, सगळं बारामतीनं नेलं. परिस्थितीच तशी.

यातलं बरंचसं खरं आहे. नीरा डावा कालवा वीर धरणातून निघतो, बारामती ओलांडून आमच्या इंदापुरात येतो, आणि शेपटाकडे पाणी पोचायची मारामार असते. मीही दहावीपर्यंत मराठीत शिकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला प्रश्न आधी मनात मराठीत आणावा लागायचा, मग उत्तर. पण पारावरची ही वाक्यं नीट ऐका. त्यांत कर्ता कायम दुसराच असतो.

'तुला पुण्यात एसीत बसून बोलायला काय जातंय?' असं कुणी म्हणेलच. म्हणू दे. 'रडू नका, मेहनत करा' सांगणारी रील्स मलाही बघवत नाहीत. अन्याय सांगणं म्हणजे रडगाणं नव्हे. नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यातले लक्ष्मण माने घ्या. कैकाडी घर, टोपल्या विणायच्या, गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरायचं. १९८० साली त्यांचं 'उपरा' आलं, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या अख्ख्या पारावर मिळून त्या पुस्तकाच्या शतांशही अन्याय निघायचा नाही. तरी तिथं वाक्याचा कर्ता 'मी' आहे. तो सोसतो, शिकतो, भांडतो. आणि अन्याय करणाऱ्यांना सोडतही नाही, हे रीलवाल्यांनी लक्षात घ्यावं.

आमच्या कामात बग कुणीही घालो, तिकीट ज्याच्या नावावर तो निस्तरतो. कुणी घातला तेही लिहितात. तेवढ्यानं तिकीट बंद होत नाही.

पाण्याचंच बघा. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा हक्क दिलाय. मग आवर्तन कधी सुटलं, चारीला किती दिवस आलं, याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. पारावरच्या किती जणांनी नमुना ७ चा अर्ज हातात तरी धरलाय? फोन सगळ्यांकडे आहेत. कॅनॉलचा फोटो तारखेसकट काढायला इंग्रजी लागत नाही.