चमत्कार म्हणू नका!

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग पाहायला जाणाऱ्या मंडळींना शिवराजेश्वराच्या दर्शनाबरोबर तीन विहिरी दाखवतात. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी! मंडळी "काय हो हा चमत्कार!" म्हणतात आणि होडीकडे वळतात. माझा राग आहे तो या शब्दावर.

चमत्कार कसला? मृगापासून कुरटे बेटावर जो पाऊस कोसळतो, त्यातला काही जमिनीत मुरतो. समुद्राचे पाणी गोड्याहून शेकडा अडीच जड. म्हणून मुरलेले गोडे पाणी खाऱ्यावर तरंगून राहते, दुधावर साय राहावी तसे. १६६४ साली या किल्ल्याचा पाया घातला गेला, तेव्हा वजनाचे हे गणित कुणी मांडले नव्हते. पण बाव कुठे खणावी आणि किती खोल जावे, हे खणणाऱ्यांना उमगत होते. त्यांची अक्कल आपण देवाच्या खात्यावर जमा करून मोकळे होतो! शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरची गंगा अवतरली की तिथेही हेच. ती वक्रनलिकेसारख्या वाटांनी खडकाच्या पोटातून ओसंडत असावी, असे कुणी जाणकार सांगू लागला की आमचे कान बंद.

श्रद्धेशी माझे भांडण नाही, वाचकहो. चमत्काराचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि पाण्याचा ठेवावाच लागतो, एवढेच माझे म्हणणे. देवबाग पाहा. एकीकडे कर्लीची खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या माडांखालच्या विहिरी गोड राहतात त्या याच नियमाने. शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा की, समुद्राच्या पातळीवर एक फूट गोडे पाणी उभे असेल, तर पातळीखाली सुमारे ४० फूट गोडे असते. केवढे हे धन! पण हेच उलटे वाचा. वरचे पाणी एक फूट उतरले, की खालचे खारे ४० फूट वर चढू शकते. रहाटाला आणि कळशीला हे जमण्यासारखे नव्हते. विजेच्या पंपाला सहज जमेल.

तेव्हा निवास-न्याहारीच्या पाट्या लावणाऱ्या माझ्या किनाऱ्यावरच्या बांधवांना एकच विचारतो. पाहुण्याला दिवसातून दोनदा शॉवरखाली उभा करता, ते पाणी विहिरीत परत कोण घालणार? पाऊस घालील म्हणता? मग अंगणभर सिमेंट कशाला ओतलेत?