सनद हातात आली, आता खालच्या कोर्टात बसा

बसवनगुडीतल्या बी.एम.एस. लॉ कॉलेजातून किंवा बेळगावकडून शिकून बेंगळुरूत वकिली सुरू करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींनो, आधी बार परीक्षेची धास्ती मनातून काढा. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, साडेतीन तास, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या वर्गाला 45 गुण पुरतात, अनुसूचित जाती-जमातींना 40. टिपा न लिहिलेले बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात. त्यासाठी महागडा क्लास लावू नका. रोज तासभर बेअर अ‍ॅक्ट चाळा, कोणतं कलम कुठे आहे ते बोटांना कळू द्या. मात्र 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तेव्हा दादा-ताईंची जुनी पुस्तकं बाजूला ठेवा.

सनदेच्या पैशांचंही नीट ऐका. सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी सांगितलं की नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये, कायद्यात आहे तेवढंच. सनदेसाठी आईवडिलांनी कर्ज काढायची गरज उरलेली नाही.

खरी कसोटी पुढे आहे. काळा कोट शिवला की बहुतेकांना थेट हायकोर्ट खुणावतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, निदान पहिली दोन वर्षं सिटी सिव्हिल कोर्टात काढा. नॅशनल कॉलेज स्टेशनवर मेट्रो धरा, मॅजेस्टिकला गाडी बदला, सेंट्रल कॉलेजला उतरा. आपली तारीख नसली तरी कोर्टात बसा आणि चांगल्या वकिलाचा उलटतपास ऐका. कोणता प्रश्न तो विचारतो आणि कोणता मुद्दाम विचारत नाही, हे पुस्तकात सापडत नाही.

आणि कन्नड वाचायला शिका. गांधीबाजारात भाजी घेण्यापुरतं तुम्हाला येतं, ते पुरत नाही. साक्ष अनेकदा कन्नडमध्ये नोंदली जाते. पक्षकार पिशवीतून हाताने लिहिलेलं जुनं क्रयपत्र काढतो. त्यात सर्व्हे नंबर कन्नड अंकांत असतो, चक्कुबंदीत, म्हणजे चतुःसीमेत, पूर्वेला कुणाची जागा, पश्चिमेला कोणता रस्ता. एक दिशा चुकीची वाचली, तर मनाई हुकूम भलत्याच जागेवर मागितला जातो. कारकुनाकडून मजकूर वाचून घेणारा वकील पक्षकाराच्या लगेच लक्षात येतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी यात कमीपणा मानू नये. रोज एक जुना दस्त मोठ्याने वाचला, तर सहा महिन्यांत हात बसतो. चुलता वा शेजारी कन्नड शाळेत शिकलेला असेल, तर त्याला शेजारी बसवा.

पालकांनो, पहिल्या वर्षी पगार किती, असं मुलाला वारंवार विचारू नका. या धंद्यात हातात काही पडायला वेळ लागतो.

सिनिअर वकिलांनाही हात जोडून सांगणं आहे. शहरात ज्युनिअरला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस भारतीय बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये केली. ती सक्ती नाही, हे खरं. पण फाइली वाहणाऱ्या, तारखा घेणाऱ्या, रात्री मसुदे टाइप करणाऱ्या पोराला निदान घरभाडं आणि जेवण भागेल इतकी ठरलेली रक्कम पहिल्या महिन्यापासून द्या.