वीकेंडला पोरांना कुठे न्यायचं?

परदेशात आलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत दोन प्रश्न हमखास असतात. पहिला, "ग्रीन कार्डाचं कुठवर आलं?" आणि दुसरा, "वीकेंडला पोरांना कुठे नेता?" पहिल्याचं उत्तर आपल्या हातात नाही, त्यामुळे आज दुसऱ्याबद्दल लिहितो. माझं मत थोडक्यात असं: मुलांसाठी काय आहे हे शोधत बसण्यापेक्षा मुलांसोबत आपण काय करणार ते शोधावं. ऐकायला सोपं वाटतं, पण न्यू जर्सीत आमच्या आजूबाजूला जे चालतं ते याच्या बरोब्बर उलट आहे.

साधारण टाइमटेबल सांगतो. शनिवारी सकाळी स्विमिंग, मग सॉकर, दुपारी कुणाचा तरी बर्थडे. रविवारी भरतनाट्यम नाहीतर मराठी शाळा, आणि संध्याकाळी एडिसनच्या ओक ट्री रोडवर किराणा. यात आई-बाप काय करतात? गाडी चालवतात आणि बाकावर बसून मोबाइल बघतात. पोरगं काचेच्या पलीकडे, आपण अलीकडे. पैसे जातात ते वेगळेच. सोमवारी ऑफिसात "वीकेंड कसा गेला?" असं कुणी विचारलं की सांगण्यासारखं काहीच नसतं...

यात सगळ्यात जास्त भरडली जाते ती एच-४ व्हिसावर आलेली आई. २०१५ मध्ये एच-४ वरच्या काही जणींना काम करायची परवानगी मिळू लागली, पण ती नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापुढे सरकलेलं असेल तरच. बाकीच्यांचं काय? इंजिनिअरिंगची डिग्री बॅगेत, गाडीचं लायसन्स अजून हातात नाही, आणि दिवसभर सोबतीला दोन-तीन वर्षांचं मूल. तिला 'किड्स ॲक्टिव्हिटी'ची यादी नको असते हो, बोलायला माणसं हवी असतात.

आता आमच्याकडचं बघा. मी बारामतीचा, बायको इंदापूर तालुक्यातली. आमच्याकडे 'फॅमिली ॲक्टिव्हिटी' असा शब्दच नव्हता. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. काटेवाडीत परीट मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण. बघायला लहान पोरं ढिगानं असतात, पण 'लहान मुलांसाठी' म्हणून त्यात काहीच नसतं. बायका वारकऱ्यांसाठी भाकऱ्या थापतात, पोरं पाणी वाटत फिरतात, म्हातारी माणसं दिंड्यांची विचारपूस करतात. ज्याला त्याला काहीतरी काम असतं. थंडीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात तेव्हाही तेच. मच्छिमाराच्या होडीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच दिशेला बघत असतात, आणि किनाऱ्यावर आल्यावर सगळ्यांना चिलापीचं ताट लागतं :)

मात्र गावाकडचं सगळंच गोड असं मला म्हणायचं नाही. तिथे आजी, आत्या, चुलती हाताशी असतात. इथे आपण दोघंच, आणि दोघंही दमलेले. शिवाय बारामतीतली पोरंही आता शनिवार-रविवार क्लासलाच असतात. त्यामुळे गावची नक्कल इथे करून भागणार नाही. त्यातलं तत्त्व मात्र घेता येतं, आणि माझ्या मते ते दोन गोष्टींत आहे: मोठ्यांनाही तिथे काम किंवा रस असावा, आणि जागा दर वेळी नवी नसावी. पालखी दर वर्षी त्याच वाटेनं येते म्हणून तर पोरांना ती 'आपली' वाटते.

इथली उदाहरणं देतो. मर्सर काउंटीत हॉवेल लिव्हिंग हिस्टरी फार्म म्हणून १३० एकरांचं शेत आहे. इनेझ हॉवेल या बाईंनी १९७४ साली नवऱ्याच्या स्मरणार्थ ते काउंटीला देऊन टाकलं. तिथे साधारण १९०० सालच्या आसपासची शेती करून दाखवतात, म्हणजे खरोखर घोडे जुंपून नांगरट, पेरणी, कापणी. फेब्रुवारीत मेपलच्या झाडाचा रस काढून तो आटवतात. एरवी प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि आलेल्या लोकांनाही हात लावू देतात. आमची चार वर्षांची पोरगी तिथे मक्याची कणसं सोलत बसते, शेजारी तिची आई, आणि त्या दोघींशेजारी अजून चार घरच्या आया. बायकोच्या इथल्या मैत्रिणी क्लासच्या वेटिंग रूममध्ये झालेल्या नाहीत, त्या कणसांच्या ढिगापाशी झाल्यात.

एकदा तिथून व्हिडिओ कॉल लावला. माझे सासरे, म्हणजे मामा, घोडे बघून म्हणाले, "घोडं जुंपल्यात व्हय औताला? आमच्याकडं आता ट्रॅक्टरबिगर पान हलत न्हाई." मग त्यांनी नातीला जू कशाला म्हणतात, कासरा कुठला, वैरण म्हणजे काय, सगळं विचारलं आणि सांगितलं. हा कॉल चांगला वीस मिनिटं चालला. एरवी आमचे कॉल "आजोबांना हाय म्हण", "जेवलीस का", "येस" एवढ्यावर दोन मिनिटांत आटपतात.

खरा मुद्दा मला इथे दिसतो. मुलांचं मराठी जातं म्हणून आपण सगळे हळहळतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करतंय, गावोगावी मराठी शाळा आहेत, त्यांचे शिक्षक स्वतःचा रविवार देऊन शिकवतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण भाषा नुसती बाराखडीवर टिकत नाही, ती कामाला चिकटून राहते. आजोबा आणि नात यांच्यात बोलायला विषयच नसेल तर नुसते शब्द शिकून पोरगी करणार काय? आणि हे वय परत येत नाही. शाळा नीट सुरू झाली की वर्ष-दोन वर्षांत पोरं घरातसुद्धा इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागतात, हे आम्ही शेजारीपाजारी बघतोय.

मंडळाच्या कार्यक्रमांनाही हेच लागू. गणपतीला तिकीट काढून, नटूनथटून, खुर्चीवर बसून परत आलो तर मूल कंटाळणारच. त्यापेक्षा आदल्या दिवशी मखर लावायला, खुर्च्या मांडायला, मोदकांना हात लावायला जावं, आणि पोरांना घेऊन जावं. स्वयंसेवक कुठल्याही मंडळाला कमीच पडतात.

जवळची लायब्ररी तर विसरूच नका. स्टोरीटाइम फुकट असतो, मुलाला मांडीवर घेऊन आपणही बसतो, आणि दर आठवड्याला तेच चेहरे दिसतात. नवीन आलेल्या आईसाठी यापेक्षा बरी सुरुवात मला माहीत नाही. चालत जाण्याच्या अंतरावर लायब्ररी आहे का, हे घर भाड्यानं घेतानाच बघावं. आपण फक्त स्टेशन किती लांब तेवढंच बघतो.

स्विमिंग बंद करा असं मी म्हणत नाही. पोहायला यायलाच पाहिजे. फक्त दोन दिवसांतला निम्मा दिवस असा ठेवा की जिथे कुणीच बाकावर बसलेलं नाही. हिवाळ्यात अटलांटिक सिटीजवळच्या फोरसाइथ अभयारण्यात पांढरेशुभ्र स्नो गीज उतरतात. तिथे आठ मैलांचा रस्ता आहे, गाडीतूनच बघत जाता येतं, त्यामुळे थंडीचं कारणही चालत नाही. त्याच दिवसांत हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आपल्या भिगवणला असतात. इकडचा फोटो आजोबांना पाठवा, तिकडचा मागवून घ्या. पुढचा वीस मिनिटांचा विषय तयार.