पुस्तक मिटा, अभ्यास सुरू करा

गेली काही वर्षे रमजान आणि बोर्डाची परीक्षा मागेपुढेच येत आहेत. त्यामुळे ‘रोजा ठेवून अभ्यास कसा होणार?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. माझ्या मते खरा प्रश्न रोजाचा नाही, पद्धतीचा आहे. घर कोणतेही असो, बहुतेक मुलांसाठी अभ्यास म्हणजे धडा पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळींखाली रंगीत रेघा मारणे.

याहून चांगली पद्धत रमजानच्या रात्री मशिदीत दिसते. तरावीहच्या नमाजमध्ये हाफिज, म्हणजे ज्याला संपूर्ण कुरआन मुखोद्गत आहे असा इमाम, न पाहता पठण करतो. मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो आणि शब्द चुकला की तिथल्या तिथे दुरुस्त करतो. यामागे चमत्कार नाही, सराव आहे. मदरशातला विद्यार्थी आजचा नवा सबक, गेल्या काही दिवसांचे सबक आणि जुन्या पाठांतराचा एक भाग नेमाने उस्तादांना ऐकवतो. म्हणजे नवे शिकताना जुने सुटत नाही.

विज्ञानही हेच सांगते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

पाठांतर म्हणजे समज नव्हे, हे मान्य. पण गणितालाही हीच रीत लागू आहे: सोडवलेले उदाहरण झाका आणि कोऱ्या कागदावर स्वतः सोडवा. इतिहासाचा धडा वाचून पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, मग उघडून चुका तपासा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तेच पुन्हा करा. सहेरीपर्यंत जागत बसू नका. तरावीहनंतर मोबाइल बाजूला ठेवून झोपा आणि सहेरीनंतरचा शांत तास वापरा.

याला महागडी शिकवणी लागत नाही. ऐकणारे कोणीतरी हवे. मित्र, बहीण, आई कोणीही चालेल. हातात पुस्तक धरून ताडून पाहता आले की पुरे. पालकांनीही ‘किती तास बसलास?’ हे विचारणे सोडावे. ‘आज काय शिकलास, सांग बरं,’ एवढेच विचारावे आणि शेवटपर्यंत ऐकावे.