विश्लेषण : पार्ट ४० रुपयांचा, भुर्दंड कोटीचा! गाडी ‘रिकॉल’ झाली की सुटे भाग बनवणाऱ्याचं काय होतं?

अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या परत बोलावल्या, ही बातमी तुमच्या मोबाइलवर दर काही महिन्यांनी येते. त्यात कंपनीचं नाव असतं, मॉडेल असतं, गाड्यांचा आकडा असतं. पण ज्या फ्युएल पंपामुळे किंवा एअरबॅगमुळे हे सगळं घडलं, तो भाग बनवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतं. बिल मात्र त्याच्याच दारात जातं. चाकण, भोसरी, वाळूज, अंबड या पट्ट्यात हजारो घरं या धंद्यावर चालतात, त्यामुळे हा विषय फक्त गाडीमालकांचा नाही.

एक पार्ट अख्खी कंपनी बुडवू शकतो का?

हो, आणि त्याचं उदाहरण जपानची ताकाता. १९३३ मध्ये सुरू झालेली ही कंपनी सीटबेल्ट आणि एअरबॅगमधलं जगातलं मोठं नाव होतं. एअरबॅग क्षणार्धात फुगवण्यासाठी इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डबीत स्फोटक भरलेलं असतं. ताकाताने त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. ते स्वस्त होतं, पण उष्णता आणि दमटपणात वर्षानुवर्षं राहिलं की त्याचा पोत बिघडतो आणि ते गरजेपेक्षा जोरात जळतं. मग डबी फुटते आणि तिचे तुकडे ड्रायव्हरच्या मानेत, चेहऱ्यात घुसतात. जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या वस्तूनेच लोकांचे जीव घेतले.

हे डिझाइन चुकलं, इथवर प्रकरण थांबलं असतं तर कदाचित कंपनी तगली असती. पण चाचण्यांचे आकडे फिरवून ते ग्राहक कंपन्यांना दाखवले गेले होते. २०१७ मध्ये ताकाताने अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि १ अब्ज डॉलर भरायचं ठरलं. त्याची वाटणी पाहा : सरकारी दंड २.५ कोटी डॉलर, जखमी आणि मृतांच्या कुटुंबीयांसाठी १२.५ कोटी आणि वाहन कंपन्यांना भरपाई म्हणून ८५ कोटी. म्हणजे सर्वांत मोठा वाटा गिऱ्हाइकाचा. त्याच वर्षी जूनमध्ये ताकाताने दिवाळखोरीचा अर्ज केला. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर रिकॉलच्या यादीत गेले. भारतातही होंडाने याच कारणासाठी गाड्या परत बोलावल्या.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. सदोष गाड्या परत बोलवा, असा आदेश केंद्र सरकार त्यानुसार देऊ शकतं. त्यातली एक तरतूद पार्ट बनवणाऱ्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवावी अशी आहे. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेल्या सगळ्याच गाड्या परत बोलावता येतात, मग त्या कोणत्याही मेकच्या किंवा मॉडेलच्या असोत. एकच ब्रेक होज तीन कंपन्यांना देणाऱ्या व्हेंडरसाठी याचा अर्थ एकाच वेळी तीन रिकॉल.

याशिवाय कलम १८२-अ आहे. सुरक्षेच्या दृष्टीने अत्यावश्यक म्हणून अधिसूचित झालेला भाग मानकात बसत नसताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक नगामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक नगामागे, हे पुन्हा वाचा.

२०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्याने ‘उत्पादक’ या शब्दात वस्तूचे भाग बनवणाऱ्यालाही धरलं आहे. म्हणजे अपघातग्रस्त माणूस थेट पार्ट बनवणाऱ्याकडेही भरपाई मागू शकतो. त्याच कायद्याच्या कलम ८७ मध्ये मात्र एक छोटी ढाल आहे. तक्रार अपुऱ्या सूचनांबद्दलची असेल आणि पार्ट बनवणाऱ्याने आवश्यक त्या सूचना, इशारे पार्ट विकत घेणाऱ्या कंपनीला दिले असतील, तर तो सुटतो. अट इतकीच, की ते दिल्याचा कागद हवा. फोनवर सांगितलं होतं, हे कोर्टात चालवणं अवघड.

मग खरी भीती कशाची?

माझ्या मते सरकारी दंडाची नाही. सक्तीच्या रिकॉलचा दंड १० लाख ते १ कोटी रुपये आहे आणि तो वाहन कंपनीला किंवा आयातदाराला होतो. व्हेंडरला मारतं ते कंत्राट.

समजा, एक रबर बुश ४० रुपयांना विकला आणि तो २० हजार गाड्यांत बसला. विक्री झाली ८ लाखांची. आता तो बदलायचा तर नवा पार्ट, मजुरी, वाहतूक, ग्राहकांना कळवणं असा गाडीमागे फक्त ६०० रुपये खर्च धरला, तरी होतात १ कोटी २० लाख. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ दूरच्या, अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई देत नाही. पण पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावरचं इन्डेम्निटीचं कलम हे संरक्षण बरंचसं काढून घेऊ शकतं. ‘सर्व खर्च पुरवठादाराचा’ या ओळीखाली सही होते आणि पुढच्या बिलातून डेबिट नोट कापली जाते. नेहमीच्या प्रॉडक्ट लायबिलिटी विम्यात रिकॉलचा खर्च सहसा नसतो, त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. (इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला मायक्रॉनमधला टॉलरन्स शिकवला. इन्डेम्निटी हा शब्द कुणी उच्चारलाही नाही.)

वाहन कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्याने भरावं, यात गैर काय? ताकाताने लपवलं, ताकाता बुडाली. पण ड्रॉइंग कंपनीचं, मटेरियलचा ग्रेड कंपनीने ठरवलेला, दर वर्षी किंमत कमी करण्याचा आग्रहही कंपनीचा आणि जबाबदारी मात्र शंभर टक्के व्हेंडरची, हा हिशेब मला पटत नाही. डिझाइनचा दोष आणि उत्पादनाचा दोष वेगळे आहेत. कंत्राटातही ते वेगळे लिहिले पाहिजेत आणि भरपाईला वरची मर्यादा हवी. २०-२५ कामगारांचा कारखानदार एकट्याने ही मागणी करणार नाही, कारण ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल. हे काम औद्योगिक संघटनांचं आहे.

संघटनांनी एकत्र बसावं, पण दर ठरवायला नाही! स्टीअरिंगच्या भागांत संगनमत केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये जपानी गटाच्या कंपनीला दंड केला होता आणि २०२० मध्ये बेअरिंग कंपन्यांच्या संगनमतावरही ठपका ठेवला. अमेरिकेत तर सुट्या भागांच्या अशा खटल्यांत एकूण दंड ३ अब्ज डॉलरच्या घरात गेला.

सात वर्षांची खाच

आपल्या रिकॉलच्या नियमांत एक मोठी खाच आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले हे नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आहेत. ताकाताचा दोष मात्र असा होता, की गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी दमट, तितका धोका जास्त. कोकणच्या किनाऱ्यावर दहा वर्षं उभी असलेली गाडी सक्तीच्या रिकॉलच्या कक्षेतच येत नाही. सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या भागांसाठी तरी ही मुदत काढली पाहिजे. व्हेंडरांना हे आवडणार नाही, पण इथे मी गाडीत बसणाऱ्याच्या बाजूने आहे.

तोपर्यंत, जुनी गाडी विकत घेताना तिचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या. रिकॉल बाकी असेल तर तो भाग मोफत बदलून मिळतो. गाडीचा तुम्ही दुसरा किंवा तिसरा मालक असलात, तरीही विचारा.